फळ्याकडे पाठ करून

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला तेव्हा कॉम्प्युटर सोडून बाकी सगळं आलं होतं. खोलीला नवं कुलूप आलं, खिडक्यांना जाड पडदे आले, टेबलावर घालायला प्लास्टिकचं आच्छादन आलं आणि दाराशी ‘चपला बाहेर काढाव्यात’ असा फलकही लागला. मशीन मात्र मुंबईत अडकलं होतं. कधी मंजुरी अडकायची, कधी पैसे. त्या वर्षी आम्ही चौदा मुलंमुली रोज चपला बाहेर काढून, आच्छादन घातलेल्या रिकाम्या टेबलासमोर अनवाणी बसून कॉम्प्युटर शिकलो. याचं हसू मला फार वर्षांनी आलं. तेव्हा मला हसायला सवड नव्हती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी दहिवलीला मामाकडे राहून कर्जतला कॉलेज करत होते. वडील मी शाळेत असतानाच गेले होते आणि आई वर माथेरानला एका हॉटेलात चादरी-अभ्रे धुवायला होती. हंगामात ती दिवसभर धुण्याच्या सोड्यात हात घालून बसायची. पावसाळ्यात पाहुणे नसायचे, हॉटेल बंद असायचं, पण तिला सुट्टी नसायची. वरच्या ओलीनं गाद्यांना बुरशी लागते, म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या खोल्यांतून कोळशाची शेगडी फिरवत बसायचं, हे तिचं पावसाळ्यातलं काम. त्या धुरानं आणि ओलीनं तिला दम लागला. दिवाळीत मी तिला हट्टानं कर्जतच्या डॉक्टरांकडे आणलं. त्यांनी छाती तपासली आणि तिच्याशी न बोलता माझ्याकडे बघून म्हणाले, “पुढचा पावसाळा हिला वर काढू देऊ नका.”

त्याच संध्याकाळी मामीनं मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात मामाला विचारलं, की या घरात आहेत ती माणसंच झोपतात कशी ते बघा जरा. मामीचा मला राग आला, पण तिचं खोटं नव्हतं. दीड खोलीत आम्ही सहाजणं होतो. म्हणजे हिशेब सरळ होता. मला नोकरी लागली तर मी खोली घेणार, खोली घेतली तर आई खाली येणार, आणि हे सगळं पावसाच्या आत व्हायला हवं होतं. वर्गात सगळ्यांना हे माहीत होतं. मी काही गुपित ठेवणारी बाई नव्हे, तेव्हाही नव्हते.

आम्हाला शिकवायला आलेले सर पुण्याचे. वय फार तर तिशीचं, अंगानं काडी, बोलण्यात घाई. पहिल्याच आठवड्यात त्यांनी रिकाम्या टेबलावर हात आपटला आणि म्हणाले, “हे येईल तेव्हा येईल. तोवर आपणच मशीन होऊ.”

आणि खरंच त्यांनी आम्हाला मशीन केलं. जवळच्या प्राथमिक शाळेतून त्यांनी जुन्या दगडी पाट्या मागून आणल्या. तीन-चारजणांनी पाट्या घेऊन भिंतीशी उभं राहायचं. ते मशीनची आठवण, म्हणजे मेमरी. एका पाटीवर एका वेळी एकच आकडा, नवा लिहायचा तर जुना पुसायचा. एकजण गुणाकार-बेरीज करणारा. एकजण छापखाना, म्हणजे उत्तर आलं की वर्गाकडे तोंड करून मोठ्यानं सांगणारा. आणि एकजण वाचक. ज्यानं प्रोग्रॅम लिहिलाय त्यानं तो फळ्यावर उतरवायचा, मग वाचकानं एकेक ओळ वाचायची आणि बाकीच्यांनी ती ओळ सांगेल तेवढंच करायचं. “मशीन मूर्ख असतं,” सर पुन्हा पुन्हा सांगायचे. “तुम्ही मूर्ख व्हा. डोकं चालवायचं काम लिहिणाऱ्याचं.”

त्यांचा आणखी एक नियम होता. ज्याचा प्रोग्रॅम चालू आहे त्यानं मागच्या खिडकीपाशी जायचं आणि फळ्याकडे पाठ करून उभं राहायचं. नाहीतर तो डोळ्यांनी खुणा करून मशीनला सुचवणार. खऱ्या मशीनला कुणाचे डोळे दिसत नाहीत. लिहिणाऱ्यानं फक्त छापखान्याचा आवाज ऐकायचा. उत्तर बरोबर आलं तर वळायचं.

आम्हाला हे सगळं भलतंच आवडलं. तोवर शिकणं म्हणजे प्राध्यापकांनी पिवळ्या पडलेल्या कागदावरून सांगायचं आणि आम्ही मान खाली घालून उतरवायचं. इथे उठायचं, बोलायचं, भांडायचं. बाजूच्या वर्गातले प्राध्यापक प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेले, की कॉम्प्युटरच्या नावाखाली तिथे नाटक चालतं. त्यामुळे आमचा खेळ सुरू असला की सरांचा अर्धा जीव दाराकडे असायचा. कॉरिडॉरमध्ये पावलं वाजली की ते पटकन बाहेर डोकावायचे.

वाचक बहुतेक वेळा माझी मैत्रीणच असायची. ती खालापूरकडच्या एका गावातली, भातशेतीवाल्या घरची. आवाज खणखणीत, वाचणं स्वच्छ, एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारी. ती एसटीनं यायची आणि डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढे सरकवायची. मला बहुतेक छापखान्याचं काम मिळायचं, कारण माझा आवाज मोठा आणि माझं तोंड बंद राहत नाही. छापखाना पाट्यांकडे पाठ करून उभा असतो, हे वाचताना ज्याला चित्र दिसत असेल त्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी हुशार होते असं मला वाटायचं. इतरांचे प्रोग्रॅम फसायचे, वर्ग हसायचा, सर पाटी दाखवून चूक समजवायचे. माझा कधीच फसायचा नाही. मी खिडकीपाशी उभी राहायचे, बाहेर दूरवर माथेरानचा डोंगर दिसायचा. मागून मैत्रिणीचा आवाज यायचा, ओळीमागून ओळ, मध्ये थोडं थांबून. मग छापखाना झालेला मुलगा बरोबर उत्तर सांगायचा. मी वळायचे तेव्हा सगळ्यांचे चेहरे माझ्यापेक्षा जास्त खूश असायचे. मला त्यात प्रेम दिसायचं. ते होतंही प्रेमच, हीच तर अडचण आहे.

फेब्रुवारीत खोपोलीच्या बाजूच्या एका कारखान्याचे साहेब कॉलेजच्या कार्यक्रमाला आले होते. प्राचार्य त्यांना फिरवत आमच्या खोलीपर्यंत घेऊन आले. सरांचा चेहरा पांढरा पडला, पण साहेबांना खेळ बघायचाच होता. सरांनी मला फळ्याकडे बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, “हिचं कधी चुकत नाही.” मी प्रोग्रॅम लिहिला, खिडकीशी जाऊन उभी राहिले. उत्तरं धडाधड आली. साहेब चक्क टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्या ऑफिसात नुकतं मशीन बसलं होतं आणि ते चालवायला एक माणूस हवं होतं. ज्यांना हवं त्यांनी मेमध्ये परीक्षा झाल्या की तिथेच येऊन चाचणी द्या, म्हणाले. त्या रविवारी मी वर जाऊन आईला सांगून आले की पावसाच्या आत तुला खाली नेते. तिनं चादर पिळता पिळता विचारलं, “खोलीला मोरी असंल ना गं आतमंदी?” मी म्हटलं, असेल. मी तर दहिवलीत एक खोली बघूनही ठेवली होती.

मेमध्ये आम्ही वर्गातले चौघं, मी, मैत्रीण आणि आणखी दोघं, एसटीनं गेलो. कारखान्याचा तो कॉम्प्युटर काचेच्या खोलीत होता आणि आत इतका गारवा होता की माझे हात थंड पडले. आम्ही कुणीही आयुष्यात खरा की-बोर्ड बघितला नव्हता. तिथला ऑपरेटर, चष्मा लावलेला शांत गृहस्थ, म्हणाला की अक्षरं शोधायला वेळ लागला तरी चालेल. साहेबांनी मुद्दाम सोपं दिलं होतं. तेराचा पाढा छापायचा, तेरा एके तेरापासून तेरा दाहे एकशे तीसपर्यंत, आणि मशीननं थांबायचं. हे माझं वर्गात दुसऱ्या आकड्यांवर कितीदा करून झालं होतं. मी हसूनच लिहायला घेतलं. एकेक अक्षर शोधत ओळी पूर्ण केल्या आणि ऑपरेटरनं दाखवलेलं बटण दाबलं.

हिरव्या अक्षरांत तेरा आलं. खाली परत तेरा आलं. त्याखाली परत तेरा. मग पडदा तेरानं भरून गेला आणि तेरा वरवर सरकायला लागले, थांबेचनात. सव्वीस नाही, एकोणचाळीस नाही. मी त्या गृहस्थांना म्हणाले, “तुमचं मशीन बिघडलंय.” मी हे जोरात म्हणाले, साहेबांना ऐकू जाईल असं. आजही आठवलं की कान तापतात.

“मशीन सांगितलं तेवढंच करतं, ताई,” ते म्हणाले आणि त्यांनी एक बटण दाबून ते तेरा बंद केले. मला अजून थोडा वेळ दिला. मी ओळी वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. मला त्या सगळ्या बरोबर दिसत होत्या. कितीही वाचलं तरी बरोबरच दिसत होत्या. मला रडू यायला लागलं आणि रडायचं नव्हतं म्हणून मी उठले.

माझ्यानंतर मैत्रीण बसली. तिची बोटं माझ्याहून हळू. एकशे तीस आलं आणि पडदा शांत झाला. साहेबांनी तिथेच तिला सांगितलं, की पुढच्या एक तारखेपासून ये.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. बाकीचे दोघं मुद्दाम मागे जाऊन बसले. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, “तुजी एक ओळ ऱ्हाते. आकडा एकनं वाढवायची.”

“राहते म्हणजे? आज राहिली.”

“नाय गं. नेहमीच ऱ्हाते.”

तिनं सांगितलं ते असं. माझ्या प्रोग्रॅममध्ये त्या जागी आलं की ती क्षणभर थांबायची आणि पाटीवाल्याकडे बघायची. तो पाटी पुसून पुढचा आकडा लिहायचा. फळ्यावर ती ओळच नसायची. सुरुवातीला एकदाच केलं, मग सवय पडली. सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. सरांना ठाऊक होतं का, ते तिला सांगता येत नव्हतं. ते दाराकडे बघत असायचे.

तिच्या गावी भातलावणीला बायका एका ओळीत वाकून मागे सरकत रोपं लावतात, आमच्याकडेही तसंच. एखादीचा हात धिमा असला, किंवा ती आजारी असली, की शेजारची न बोलता आपल्या हातची चार रोपं तिच्या वाट्याला लावून जाते. बांधावरच्या मालकाला सगळी ओळ एकसारखी दिसते. यात कुणी कुणाला विचारत नाही, आणि कुणी आभारही मानत नाही. त्या वर्गातली बहुतेक पोरं असल्या शेतांतून आली होती. सरांनी त्यांना मूर्ख व्हायला सांगितलं होतं आणि ते त्यांना जमलं नाही. शेजारणीचं मागे पडलेलं दिसतंय आणि हात आवरायचा, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

हे सगळं मी आता शांतपणे लिहिते आहे. त्या एसटीत मी शांत नव्हते. मी म्हणाले, “एकदा तरी चुकू द्यायचंस मला. एकदा.”

“तुज्या आयचं समद्यांना ठावं होतं,” ती म्हणाली. “तू तिकडं तोंड करून उभी ऱ्हायचीस, डोंगराकडं बघत. पदराचं टोक पिळायचीस. कोन कसं चुकू दिल गं?” मग थोड्या वेळानं, “मी नाय म्हनून सांगते त्यांना. तुला घेत्याल.”

“मला कशाला घेतील? मला येतं का काही?”

मग मी तिला नको ते बोलले, की माझ्या जिवावर तू शिकलीस. ते खरंही होतं. माझी चूक रोज शोधता शोधता आणि रोज झाकता झाकता तिला जे पक्कं येत गेलं, ते मला खिडकीबाहेर बघता बघता येणार नव्हतं. कर्जत स्टँडवर उतरताना तिनं माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि आपल्या गावाच्या गाडीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सरांनी सुट्टीतही वर्ग भरवला. बातमी त्यांना कळली होती. जे जवळपासचे होते ते आले, मैत्रीणही आली. सरांनी मला माझा प्रोग्रॅम फळ्यावर लिहायला लावला, जसा मशीनवर लिहिला होता तसा. पाटीवाले भिंतीशी उभे राहिले. मी सवयीनं खिडकीकडे निघाले तर सर म्हणाले, “आज इथेच थांबा. इकडे तोंड करून.”

मैत्रिणीनं वाचायला सुरुवात केली. पाटीवर एक लिही. पाटीतला आकडा तेरानं गुण. उत्तर छाप. पाटीतला आकडा अकराहून लहान असेल तर परत गुणायच्या ओळीवर जा. छापखाना म्हणाला, तेरा. ती परत गुणायच्या ओळीवर गेली. पाटीवर अजून एकच होता. पाटी धरलेल्या मुलाच्या हातात फडकं होतं आणि तो ते घट्ट आवळून उभा होता. तेरा. परत वर. तेरा. कुणी हसलं नाही. छापखाना झालेल्या मुलाचा आवाज प्रत्येक वेळी थोडा खाली येत होता. पाटीवरचा तो एक मला लख्ख दिसत होता. चूक काय आहे ते मला दोन मिनिटांत कळलं. वर्षभरात कधीही, कुणीही, ही दोन मिनिटं मला दिली असती तर.

सर म्हणाले, “बस.” मग सगळ्यांना उद्देशून म्हणाले, की माझी पद्धत चुकीची नव्हती, तुम्ही ती पाळली नाहीत. आवाज चढला होता, पण डोळे लाल होते. मला त्यांचा राग आला. तुम्ही दाराकडे बघत होतात, असं मला म्हणायचं होतं. त्यांची पद्धत चांगली होती हे मी आजही मानते. कागदावरून उतरवून घेण्याच्या हजार तासांपेक्षा ती दोन मिनिटं मोठी होती. पण लिहिणाऱ्याला पाठ करून उभं करायचं आणि मशीनवर नजर ठेवायची नाही, हे कसलं शिकवणं? मी फळा पुसला आणि चपला घातल्या.

रविवारी मी कर्जतच्या अंगानं वर जाणाऱ्या पायवाटेनं माथेरानला गेले. खाली अंगाची लाही होत होती, वर झाडांखाली गारवा होता. हॉटेलच्या मागच्या पडवीत आई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत बसली होती. हंगाम संपत आला होता, घड्यांचा ढीग तिच्या खांद्याइतका झाला होता.

“लागली का?” तिनं विचारलं.

“नाही. तिला लागली.”

“तिला लागली ना? बरं झालं. गुनाची पोर हाय.” तिनं पुढची चादर ओढली. “आन माजं म्हनशील तर मला हितंच बरं वाटतं गं. हवा कशी गार हाय. खाली घामानं जीव जातो. आन दम तर आता लागतच नाय, त्या डागदरचं औशद लागू पडलं बग.”

ती हे भराभर बोलत होती आणि घडीकडे बघत होती. आठवड्यापूर्वी मी ते सगळं खरं मानलं असतं. मानायला मला हवंच होतं. मी तिच्यासमोर खाली बसले.

“आई, मला सांभाळून नको घेऊस,” मी म्हणाले. “जसं हाय तसं सांग.”

“जसं हाय तसंच सांगते.”

“नाय सांगत तू.”

तिचे हात थांबले. तिनं चादर मांडीवर ठेवली आणि थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. तो श्वास मला ऐकू येत होता, पडवीच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू आला असता.

“नाय निभायचं गं,” ती म्हणाली. “आडवं झालं का कोंडतं. बसून रात काढते. शेगडीजवळ तर जावतच नाय आता. ह्या पावसात मी वर नाय ऱ्हायची.”

मी मागितलं होतं ते मला मिळालं. दहिवलीतली ती खोली दुसऱ्या कुणीतरी घेतली होती, मामीच्या घरात जागा तेवढीच होती, आणि पाऊस तोंडावर आला होता.

“तुझं गाठोडं बांध,” मी म्हणाले. “आजच खाली जाऊ.”

“कुठं?” तिनं विचारलं.

मला माहीत नव्हतं, आणि ते मी तिला तसंच सांगितलं.